तलाव-कालव्यांच्या भागात रोड सायकलिंगचा रूट कसा आखायचा

पाण्याचा भाग म्हणजे सपाट भाग, त्यात कसलं प्लॅनिंग, अ‍ॅपमध्ये दोन टोकं टाकली की झाला रूट, असं बरेच जण म्हणतात आणि मग दुपारी तलावाच्या पलीकडच्या काठावर समोरून वारा खात बसतात. अशा भागात रस्त्यांच्या आधी पाणी बघायचं, कारण चढ कुठे आहे, वारा कुठून येणार आणि पलीकडे कुठून जाता येणार ही तिन्ही उत्तरं पाण्यातच असतात. रस्ते नंतर आपोआप सापडतात.

पायरी १ : नकाशावर आधी फक्त निळं बघा

कालवा आणि तलाव हे सायकलवाल्यासाठी दोन वेगळे प्राणी आहेत. कालव्यातलं पाणी जवळजवळ स्थिर ठेवायचं असतं म्हणून तो जमिनीच्या समान उंचीच्या रेषा धरून वळत वळत जातो, आणि जिथे उंची बदलणं टाळताच येत नाही तिथे लॉक बांधतात, म्हणजे दोन दरवाजांमधली ती पाण्याची पेटी, जिच्यात होडी वर किंवा खाली नेतात. म्हणून नकाशावर लॉक शोधा, तिथेच तुमचे चढ आहेत. आणि ते चढही फार नसतात. इंग्लंडमध्ये केनेट अँड एव्हन कालव्यावर डिव्हायझेसला २९ लॉकची प्रसिद्ध उतरंड आहे, साधारण ३ किलोमीटरमध्ये ७२ मीटर उंची, म्हणजे सरासरी सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. फोटोत बघून धडकी भरते, सायकलवर गिअर एक-दोन खाली टाकले की निघून जातो.

तलावाचं तसं नाही. तलाव भरतो तो खोलगट जागेत आणि खोलगट जागेला कडा असतात. न्यूयॉर्क राज्यातले फिंगर लेक्स बघा, हिमनद्यांनी कोरलेले, उत्तर-दक्षिण लांबलचक, हाताच्या बोटांसारखे शेजारी शेजारी. काठाकाठाने गेलात तर त्या मानाने सोपं, पण एका तलावावरून दुसऱ्या तलावाला आडवं जायचं ठरवलं की मधली धार चढून उतरायची, आणि पुढच्या तलावाला पुन्हा तेच. त्यामुळे लांबट तलावांच्या प्रदेशात रूट तलावांच्या दिशेने लांब ठेवा, आडव्या ओलांडण्या एक किंवा दोन, आणि त्याही पाय ताजे असताना सुरुवातीला.

एक गंमत लक्षात ठेवा, काठावरचा रस्ता उभ्या कड्यात कोरलेला असेल किंवा मध्ये मोठा पूल असेल तर अ‍ॅपमधला उंचीचा आलेख कधी कधी बाजूच्या डोंगराची किंवा खालच्या पाण्याची उंची उचलतो आणि नसलेला चढ दाखवतो. एकदम सुईसारखं टोक दिसलं तर घाबरू नका, सॅटेलाइट व्ह्यू उघडून बघा.

पायरी २ : काठाची वाट की डांबरी रस्ता, हे टायर बघून ठरवा

जुन्या कालव्यांच्या कडेला जी वाट असते ती घोड्यांसाठी होती, घोडा काठावरून दोर ओढायचा आणि होडी पाण्यातून चालायची. घोड्याला डांबर लागत नव्हतं! म्हणून ही वाट चढ नसलेली पण बहुतेक ठिकाणी कच्ची असते. अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याची साधारण २९७ किलोमीटरची वाट बहुतांश माती-खडीची आहे, पाऊस झाला की चिखल. फ्रान्सचा कनाल द्यू मिदी २४० किलोमीटर लांब, १६८१ ला पूर्ण झालेला, त्याच्या काठाला तुलूझकडून सुरुवातीचे साधारण ५० किलोमीटर छान डांबर मिळतं आणि लोक त्याच भरवशावर पुढे जातात, पुढे बऱ्याच ठिकाणी मग कच्ची वाट आणि झाडांची मुळं. सिंचनाच्या कालव्यांच्या कडेचे सर्व्हिस रोडही असेच, शिवाय तिथे सायकलला परवानगी आहे की नाही ते आधी तपासावं लागतं.

माझं मत विचाराल तर २५ मिमी टायरची रोड बाइक असेल तर काठाची वाट चवीपुरती ठेवा आणि बाकी रूट कालव्याला समांतर जाणाऱ्या गावरस्त्यांवर टाका. ३२ किंवा त्याहून जाड टायर बसत असेल तर दाबून बनवलेल्या बारीक खडीवर आरामात जाता येतं, हवा थोडी कमी ठेवून. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या फुकट नकाशावर बऱ्याच वाटांचा पृष्ठभाग नोंदवलेला असतो, तो बघा, आणि स्ट्रावा या सायकलिंग अ‍ॅपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून जास्त जातात ते रंगाने दाखवणाऱ्या नकाशावर, रोड राइड निवडून बघा की लोक खरंच त्या वाटेने जातात का शेजारच्या रस्त्याने. शेजारचा रस्ता जास्त लाल दिसत असेल तर त्यामागे कारण असतं.

पायरी ३ : पूल मोजा

कोरड्या भागात रस्ता चुकला तर पुढच्या फाट्यावर वळता येतं. इथे समोर पलीकडचं गाव दिसत असतं आणि मध्ये पाणी. कालव्यावर सहसा थोड्या थोड्या अंतराने पूल असतात, म्हणजे कंटाळा आला की पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परत, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने कालवाच घ्यावा. मोठ्या तलावाच्या फेरीला मात्र शॉर्टकट नाही, अर्ध्यात पोचलात की पुढे आणि मागे अंतर सारखंच. म्हणून पूल, बंधाऱ्यावरचा रस्ता, फेरी बोट, रेल्वे स्टेशन, जे काय सुटकेचं असेल ते नकाशावर पिन करून ठेवा. बंधाऱ्यावरचा रस्ता नकाशात दिसतो पण बऱ्याचदा फाटक बंद असतं. फेरी बोट सायकल घेते का, शेवटची किती वाजता, सीझन संपल्यावर चालू असते का, हे त्यांच्याच वेळापत्रकात बघा.

पायरी ४ : दिशा ठरवा

तलावाला फेरी मारताना पाणी रस्त्याच्या तुमच्याच बाजूला ठेवा. वाहनं डावीकडून चालतात त्या देशात घड्याळाच्या उलट, उजवीकडून चालतात तिथे घड्याळाप्रमाणे. तुमच्या बाजूने येऊन मिळणारे फाटे जवळपास नसतात आणि तुमच्या आणि पाण्याच्या मध्ये गाड्या येत नाहीत. जपानमध्ये बिवा तलावाची साधारण २०० किलोमीटरची फेरी याच कारणाने घड्याळाच्या उलट मारायला सांगतात.

पण वारा त्याहून मोठा मुद्दा आहे. उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. तुम्ही ताशी २५ किलोमीटरच्या स्पीडने जाताय आणि समोरून १५ चा वारा आहे तर अंगावर ४० ची हवा येते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो म्हणजे अडीच पट ताकद. हा चढच झाला, फक्त आलेखात न दिसणारा आणि वर पोचल्यावर उतार न देणारा. म्हणून जाऊन-येऊन रूट असेल तर जाताना समोरचा वारा घ्या, येताना पाठीचा. आणि उन्हाच्या दिवसांत जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते त्यामुळे दिवस वर आला की तलावाकडून काठाकडे वारा सुटतो, दुपारी जोर धरतो. उघड्या काठाचा भाग सकाळी उरकून घ्या, दुपारसाठी झाडीतला किंवा गावातला रस्ता ठेवा.

पायरी ५ : रूट खिशात ठेवा

फाइल ऑफलाइन डाउनलोड करा हे सांगायला नको. नेदरलँड्स-बेल्जियममध्ये सायकलवाटांच्या चौकाचौकात नंबरांच्या पाट्या असतात, ३४ वरून ६१, ६१ वरून १२ असं जायचं, तिथे नंबरांची चिठ्ठी टॉप ट्यूबवर, म्हणजे सीटपुढच्या आडव्या नळीवर, टेपने चिकटवली की फोन काढायलाच लागत नाही. हीच युक्ती कुठेही चालते, नंबरांऐवजी गावं आणि पूल लिहा.

पायरी ६ : काठावर चालवताना

कालव्यावरचे जुने कमानी पूल पाठीला कुबड आल्यासारखे असतात, वर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही आणि रुंदी एकाच गाडीची. गिअर पूल सुरू व्हायच्या आधी हलका करा, घंटी वाजवा, मधोमध चढू नका. लॉकपाशी उतारावर विटांच्या उंच आडव्या पट्ट्या दिसतात, घोड्याचा पाय घसरू नये म्हणून घातलेल्या, त्यावर बसून गेलात तर दात वाजतात, सीटवरून उठा. ओल्या फळ्या आणि उघडझाप पुलांची लोखंडी जाळी यावर ब्रेक नाही आणि वळणही नाही, सरळ जायचं. फळ्या तुमच्याच दिशेने लांब टाकलेल्या असतील तर फटीत टायर अडकतो, तिथे थोडं तिरकं ओलांडा किंवा सरळ उतरून चाला. गळ टाकून बसलेल्यांच्या मागून जाताना हळू, कारण काठी वाटेवर आडवी असते आणि ती मागे कधी येईल सांगता येत नाही.

सगळीकडे पाणी असतं पण प्यायचं नसतं, दोन बाटल्या भरूनच निघा. आणि संध्याकाळपर्यंत लांबणार असेल तर पारदर्शक काचेचा चष्मा घ्या, दिवस मावळताना पाण्यावर चिलटांचे ढग उठतात आणि त्यातून जाताना बोलायचंही नसतं.