प्राण्यांच्या नव्या शोधांच्या बातम्या पुढे पाठवताय? या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती. शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर मोबाइल चार्ज करून मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर मगरींच्या बातम्या टाकत बसले होते. बऱ्याच खऱ्या होत्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडल्या गेल्या, शहरातल्या अकोटा भागात एक तर घराच्या छपरावर जाऊन बसली होती. खऱ्या बातम्याच इतक्या अचाट असल्या की खोटी त्यांच्यात बेमालूम मिसळते. एक भली थोरली मगर रस्ता ओलांडतेय असा व्हिडिओ आला, खाली लिहिलं होतं, ‘आत्ता, फतेगंज’, म्हणजे बडोद्यातच. मी पाठवून दिला. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने पाठवला म्हणजे खराच असणार, म्हणून तो पुढे किती ग्रुपांत गेला देव जाणे.

रात्री भाच्याचा फोन आला. तो मगरी पकडायला जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. म्हणाला, “मावशी, ही आपली मगर नाहीच. मान बघ तिची.” आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीच्या डोक्यामागे, मान सुरू होते तिथे चार मोठ्या, उठावदार खवल्यांची ओळ असते. खाऱ्या पाण्यातल्या मगरीला ती बहुधा नसतेच. व्हिडिओतली मान सपाट होती. खाऱ्या पाण्यातली मगर ओडिशात असते, अंदमानात असते. ती फतेगंजात कशाला येईल?

त्या रात्रीपासून मी चुकांची वही ठेवली आहे. निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत.

पाहिलं काय आणि म्हटलं काय

सगळ्यात जास्त चुका क्रियापदात होतात. २०२३ मध्ये महाडच्या सावित्री नदीतल्या मगरींवर ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात एक लेख आला. त्यात एक प्रसंग आहे. भटक्या कुत्र्यांची टोळी मागे लागलेलं एक कुत्रं जीव घेऊन उथळ पाण्यात शिरलं. जवळच तीन मगरी होत्या. त्या त्याच्यापाशी आल्या, पण त्याला खाल्लं नाही. नाकाने ढकलत ढकलत त्याला काठाच्या अशा जागी नेलं, जिथून ते सुखरूप बाहेर पडलं. यामागे सहानुभूतीसारखं काही असू शकेल, असं लेखकांनी सुचवलं.

आमच्या ग्रुपवर ही बातमी आली ती अशी: ‘मगरींनी वाचवले कुत्र्याचे प्राण! माणसांपेक्षा प्राणी बरे!!’ आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

‘ढकललं’ हे पाहिलेलं आहे. ‘वाचवलं’ म्हटलं की त्यात मगरीचा हेतू आला, आणि हेतू काही दुर्बिणीतून दिसत नाही. मगरींचं पोट भरलेलं होतं का? त्या नुसत्या कुतूहलाने जवळ आल्या का? एका प्रसंगावरून हे ठरवता येत नाही. मी मजकूर नव्याने लिहिला: ‘सावित्रीत तीन मगरींनी एका कुत्र्याला न खाता काठाकडे ढकलल्याची नोंद झाली आहे. यात सहानुभूती असावी, असं अभ्यासकांना वाटतं. असा प्रसंग एकदाच नोंदला गेला आहे.’ यावर वरच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, “मग खाल्लं का नाही त्यांनी?” पहिल्या मजकुरावर हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

दुसरं उदाहरणही मगरीचंच, कारण बडोद्यात राहून मी दुसरं कुठलं देणार? मगरी नाकावर काटक्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहतात आणि घरट्यासाठी काटक्या शोधायला आलेल्या बगळ्यांना पकडतात, असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेतल्या मगरी आणि अमेरिकेतल्या लुइझियानाचे ॲलिगेटर, दोघांचीही निरीक्षणं त्यात होती. ‘मगर अवजारं वापरते हे सिद्ध’ अशा मथळ्याने ती बातमी अजून फिरते. पुढे अमेरिकेतल्याच अभ्यासकांनी ॲलिगेटरांवर नीट प्रयोग करून पाहिला, तर त्या कल्पनेला दुजोरा मिळाला नाही. ही दुसरी बातमी मला एकाही ग्रुपवर आलेली नाही. म्हणून ‘सिद्ध’ हा शब्द मी मोबाइलच्या कीबोर्डवरून जवळजवळ हद्दपार केला आहे. ‘आढळलं’, ‘दिसलं’, ‘सूचित होतं’ एवढ्यावर भागतं.

आणि बातमीतला गळालेला अर्धा भाग शोधावा. ‘कोस्टा रिकात मगरीला नराविना पिल्लू’ ही २०२३ ची बातमी खरी आहे. १६ वर्षं एकटी ठेवलेल्या मादीने २०१८ मध्ये १४ अंडी घातली. एकात पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं आणि ते आनुवंशिकदृष्ट्या आईशी ९९.९ टक्के जुळत होतं. पण ते मेलेलं होतं, एकही अंडं फुटलं नाही. हे वाक्य बहुतेक मराठी मजकुरांत सापडत नाही. का गाळतात, हे उघड आहे.

दशलक्षाचे लाख

ही खास आपली चूक. इंग्रजी बातमीत ‘४७ मिलियन’ असतं, आपण घाईघाईने ‘४७ लाख’ करतो, नाहीतर थेट ‘४७ कोटी’. मिलियन म्हणजे १० लाख, म्हणून ४७ मिलियन म्हणजे ४ कोटी ७० लाख. बिलियन म्हणजे अब्ज, १०० कोटी. मी हे फ्रिजवर चिकटवून ठेवलं आहे आणि त्याची लाज वाटत नाही.

हा आकडा आठवतोय तो ४७ मिलियन वर्षांपूर्वीच्या वासुकी या सापामुळे. आपल्याच गुजरातेत, कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत २००५ च्या सुमारास एका प्रचंड प्राण्याचे मणके मिळाले. आधी ते मगरीचे वाटले. बऱ्याच वर्षांनी रुडकीच्या आयआयटीतल्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ते सापाचे असल्याचं दाखवलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘वासुकी इंडिकस’ हे नाव जाहीर झालं. आमच्याकडे दोन दिवसांत ‘समुद्रमंथनाचा पुरावा सापडला’ असा मजकूर आला. नाव शास्त्रज्ञांनी पुराणातून घेतलं. सापाने ते स्वतः सांगितलेलं नाही.

दुसरी गडबड लांबीची. सगळीकडे ‘१५ मीटर, जगातला सर्वांत मोठा साप’. प्रत्यक्षात हाती आले ते २७ मणके. त्यांच्यावरून दोन पद्धतींनी लांबीचा अंदाज बांधला. एकीने १०.९ ते १२.२ मीटर दिले, दुसरीने १४.५ ते १५.२. कोलंबियात सापडलेला टायटनोबोआ हा प्राचीन साप साधारण १३ मीटरचा मानतात. म्हणजे पहिला अंदाज धरला तर वासुकी त्याच्याहून लहान, दुसरा धरला तर मोठा. अंदाज दोन टोकांचा असेल तर दोन्ही टोकं लिहावीत. सगळ्यात मोठा आकडा उचलून त्यापुढे उद्गारचिन्ह ठोकणं ही सवय मला स्वतःला सोडवायला वर्ष लागलं.

टक्क्यांचंही तसंच. केनियातल्या हत्तींवरचा २०२४ चा अभ्यास म्हणतो की, हत्ती एकमेकांना नावासारख्या हाका मारत असावेत. हाक कोणासाठी होती हे संगणकाने २७.५ टक्के वेळा बरोबर ओळखलं, नुसत्या नशिबाने ते ८ टक्के वेळा जमलं असतं. दोन आकडे शेजारी ठेवले की गोष्ट नवलाची वाटते. एकटा २७.५ वाचला की लोक म्हणतात, ‘नापासच की!’

एका शब्दात दोन प्राणी

मराठीत ‘विषारी साप’ आणि ‘विषारी बेडूक’ दोन्हींना एकच शब्द. साप दंश करून विष टोचतो, बेडूक अंगावर विष बाळगतो, त्याला तोंडात घेणाऱ्याची पंचाईत. नवा ‘विषारी’ प्राणी सापडल्याची बातमी असेल, तर तो यातल्या कुठल्या तऱ्हेचा हे एका वाक्यात लिहावं. मगर आणि ॲलिगेटर हे वेगळे, ॲलिगेटरला ‘मगर’ करून टाकू नये. रानात तो फक्त अमेरिकेत आणि चीनमध्ये आढळतो.

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अवाढव्य सांगाडा आहे. तिथे शाळेतल्या मुलांना दरवर्षी सांगावं लागायचं की हा मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो. आता त्यातही भर पडली. २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्राझीलच्या देवगांडुळावर लेख आला. हे ना गांडूळ, ना साप. बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. त्याची मादी पिल्लांना अंडनलिकेत तयार होणारा स्निग्ध, दुधासारखा द्रव पाजते, आणि पिल्लं आवाज करून तो मागतात. आमच्या ग्रुपवर याचं ‘गांडूळ दूध देते’ झालं होतं. सुधारायला अर्धा दिवस गेला, कारण तोवर एकाने गांडूळखताची चर्चा सुरू केली होती.

कंपनीचं पत्रक आणि छान चित्र

एप्रिल २०२५ मध्ये कोलोसल बायोसायन्सेस या अमेरिकी कंपनीने ‘डायर वूल्फ परत आणला’ असं जाहीर केलं. डायर वूल्फ म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, लांडग्यासारखा प्राणी. पिल्लं गोंडस होती, मीही ती पाठवली. प्रत्यक्षात ते करडे लांडगे आहेत, त्यांच्या १४ जनुकांत २० बदल केलेले. जाहीर कोणी केलं आणि तपासलं कोणी, हे दोन प्रश्न विचारले तर निम्म्या बातम्या तिथेच थांबतात.

मात्र नियतकालिकात छापून आलं म्हणून डोळे मिटू नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका शोधनिबंधात एआयने काढलेलं उंदराचं चित्र छापलं गेलं. अवयवांचे आकार अशक्य आणि त्यांना दिलेली नावं निरर्थक. निबंध काही दिवसांतच मागे घेतला गेला. चित्रातली अक्षरं मोठी करून वाचली असती, तर शाळकरी पोरानेही ते पकडलं असतं.

पत्ता देऊ नका

ही चूक मी केलेली नाही, पण होताना पाहिली. कोणीतरी एका सोसायटीमागच्या मगरीच्या घरट्याचा फोटो सोसायटीच्या नावासकट टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे बघ्यांची गर्दी. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, आणि अंड्यांची राखण करणारी मादी गर्दीला काही नमस्कार करत नाही. नव्या जातींचं तर आणखी अवघड. लाओसमधला एक सॅलमँडर २००२ मध्ये शास्त्राला माहीत झाला आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी लगोलग त्याच्या मागावर माणसं धाडली. फोटो पाठवण्याआधी त्यातली लोकेशनची नोंद काढून टाकावी, आणि मजकुरात तालुक्याच्या पुढे जाऊ नये.

चूक गेलीच तर

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांत बदलता येतो. त्यानंतर गुपचूप ‘डिलीट’ करू नका. पुढे पाठवलेल्या प्रती त्याने पुसल्या जात नाहीत, आणि काय चुकलं ते कोणाला कळतही नाही. मूळ मजकुराला उत्तर म्हणून, पहिल्याच ओळीत दुरुस्ती लिहावी: ‘वरचा व्हिडिओ बडोद्याचा नाही.’ कारण दुसऱ्या ओळीत. लांबलचक माफी नको, ती कोणी वाचत नाही. ज्या ज्या ग्रुपांत आपण स्वतः पाठवलं, त्या प्रत्येकात दुरुस्ती टाकावी, कंटाळा आला तरी.

त्या रात्री मी हेच केलं. सकाळी एका वहिनींचं उत्तर आलं: “बरं झालं सांगितलंत, मी मुलाला शाळेत पाठवणार नव्हते.” शाळा तशाही बंदच होत्या.