सागा शेजारी ठेवून कादंबरी वाचताना: व्हिक्टोरियन व्हायकिंग साहसकथांसाठी एक वाचनमार्ग

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील अनेक लेखकांनी आइसलँड आणि नॉर्वेच्या जुन्या सागांवरून, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन गद्यकथांवरून, साहसी कादंबऱ्या लिहिल्या. आज त्यांतील एखादी हाती घेणारा वाचक बहुधा पहिल्या पन्नास पानांतच थकतो, कारण नावे लक्षात राहत नाहीत, इंग्रजी मुद्दाम जुनाट केलेले असते आणि नायक-नायिका उठताबसता नियतीविषयी बोलत राहतात. यात वाचकाची चूक नाही. वाचनाचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. या कादंबऱ्या ज्या वाचकांसाठी लिहिल्या गेल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावर सागांची भाषांतरे आधीच पडलेली होती. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की यांतील एकही कादंबरी एकटी वाचू नये. आधी एक सागा वाचावी, मग कादंबरी, आणि दोन्ही पुस्तके शेवटपर्यंत शेजारी ठेवावीत.

पहिल्या जोडीसाठी फार शोधाशोध करावी लागत नाही. सागांपैकी न्यालची सागा घ्यावी; जॉर्ज वेब डेसेंट यांनी तिचे ‘द स्टोरी ऑफ बर्न्ट न्याल’ या नावाने 1861 मध्ये इंग्रजी भाषांतर केले आणि व्हिक्टोरियन वाचकाच्या मनात आइसलँडचे जे चित्र उभे राहिले, त्याचा मोठा भाग या पुस्तकातून आला. कादंबऱ्यांपैकी हेन्री रायडर हॅगार्ड यांची ‘एरिक ब्राइटआइज’ घ्यावी. हॅगार्ड 1888 मध्ये स्वतः आइसलँडला जाऊन आले आणि 1891 मध्ये ही कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. आपली कथा आइसलँडच्या सागांवर आधारलेली आहे, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. दोन्ही पुस्तके स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर गेलेली असल्याने प्रोजेक्ट गुटेनबर्गसारख्या संग्रहांत विनामूल्य वाचता येतात.

सागा उघडण्यापूर्वी एक वही जवळ ठेवावी. आइसलँडमध्ये आडनावे नव्हती. माणूस ओळखला जाई तो बापाच्या नावाने आणि राहत्या वाडीने. उदाहरणार्थ, या सागेतील वीर गुन्नार हामुंडारसन म्हणजे हामुंडचा मुलगा गुन्नार, आणि तो राहतो ह्लीदारेंदी येथे. वहीत प्रत्येक पानावर एकेक वाडी लिहावी आणि तिच्याखाली तिथली माणसे लिहीत जावे. वंशावळीचा वृक्ष काढण्यापेक्षा ही रीत अधिक उपयोगी पडते, कारण सागेतील भांडणे वाडी विरुद्ध वाडी अशीच वाढत जातात. दीडशेहून अधिक प्रकरणांत विखुरलेली सगळी नावे मात्र टिपू नयेत. सागा एखाद्या माणसाला ‘अमुक नावाचा एक माणूस होता’ असे म्हणून आत आणते आणि त्याचे काम संपल्यावर तो आता या कथेत नाही, असे सरळ सांगते. ज्याचे नाव तीनदा येईल, तेवढ्यालाच वहीत जागा द्यावी.

खटल्यांची प्रकरणे गाळण्याचा मोह होईल, पण तो आवरावा. आइसलँडमध्ये राजा नव्हता. 930 च्या सुमारास स्थापन झालेल्या आल्थिंग या सभेत दरवर्षी कायदा सांगितला जाई, खटले चालत आणि खुनाची भरपाई चांदीत ठरवली जाई. निकाल देणारी सभा होती, पण तो अमलात आणणारे कोणी नव्हते. फिर्यादीला आपल्या बळावर आणि आपल्या माणसांच्या आधाराने तो अमलात आणावा लागे, आणि सूडाचे चक्र थांबत नसे ते यामुळेच. हे एकदा ध्यानात आले की खटल्यातील एखादी तांत्रिक चूकही तलवारीच्या वाराइतकी जिव्हारी लागते.

आता सागेतील एक प्रसंग जवळून पाहू, कारण या साऱ्या वाचनाची किल्ली त्यात आहे. दुष्काळाच्या दिवसांत गुन्नारची बायको हाल्गेर्द एका गुलामाला पाठवून शेजारच्या वाडीतून लोणी आणि चीज चोरून आणवते आणि पाहुण्यांपुढे तेच वाढते. गुन्नारला चोरीचा सुगावा लागतो आणि तो सर्वांदेखत तिच्या थोबाडीत मारतो. ही थप्पड मी लक्षात ठेवीन, एवढेच ती म्हणते. पुढे कितीतरी प्रकरणे जातात. कितीतरी माणसे मरतात. अखेर शत्रू गुन्नारच्या घराला वेढा घालतात, त्याच्या धनुष्याची दोरी तुटते आणि तो हाल्गेर्दकडे तिच्या केसांच्या दोन बटा मागतो, म्हणजे तिला आणि त्याच्या आईला मिळून नवी दोरी वळता येईल. त्यावर काही अवलंबून आहे का, असे ती विचारते. माझे प्राण, तो सांगतो. मग ती त्याला त्या थपडेची आठवण देते आणि केस देत नाही. कीर्ती मिळवण्याची ज्याची त्याची रीत असते, असे काहीसे बोलून गुन्नार पुन्हा मागत नाही.

थप्पड आणि नकार यांच्यामध्ये हाल्गेर्दच्या मनात काय चालले होते, याबद्दल सागा एक शब्दही सांगत नाही. सागेतील भावना अंगावर उमटते, तोंडातून क्वचितच बाहेर पडते: शत्रूंनी न्यालला घरात जाळल्याची बातमी ऐकताच त्याने वाढवलेला थोरहाल हा तरुण काही बोलत नाही, त्याचे अंग फुगते, कानांतून रक्ताच्या धारा लागतात आणि तो बेशुद्ध पडतो. वाचताना अशा जागांवर पेन्सिलीची खूण करावी. तेराव्या शतकातील लेखकाने जे सांगायचे टाळले, ते सारे या खुणांखाली दडलेले असते.

या खुणा केलेली सागा शेजारी ठेवून मग ‘एरिक ब्राइटआइज’ उघडावी. हॅगार्ड यांनी नेमक्या याच मोकळ्या जागा भरल्या आहेत. सागेत केसांच्या दोन बटांवर एका माणसाचा जीव ठरतो. कादंबरीत आपली प्रेयसी गुड्रुडा हिच्याशिवाय कोणीही माझे केस कापणार नाही, असे वचन नायक एरिक देतो आणि त्याच्यावर डोळा असलेली स्वानहिल्ड त्या वचनालाच हात घालते. केस तेच, पण आता त्यांच्याभोवती प्रेम, मत्सर आणि शपथ यांचे उघड बोल आहेत. सागेत गुन्नारच्या भाल्यासारख्या शस्त्रातून कोणाचा तरी वध होण्याआधी नाद निघतो, आणि तेवढे सांगून सागा पुढे जाते. कादंबरीत ‘व्हाइटफायर’ या तलवारीला जवळजवळ एका पात्राचे स्थान मिळते. ती जिंकण्यासाठी एरिक कुस्तीत आपला एक डोळा पणाला लावतो.

सर्वांत मोठा फरक स्त्रियांच्या चित्रणात आहे. हाल्गेर्द एकाच वेळी देखणी, मानी, उदार आणि निष्ठुर आहे, आणि सागा तिचे तुकडे करत नाही. हॅगार्ड यांनी मात्र ते तुकडे केले: गोरी, एकनिष्ठ गुड्रुडा एकीकडे आणि तपकिरी केसांची, जादूटोणा जाणणारी स्वानहिल्ड दुसरीकडे. व्हिक्टोरियन कादंबरीला ही विभागणी फार सोयीची होती, आणि माझ्या मते ‘एरिक ब्राइटआइज’चे खरे उणेपण तेच आहे. त्याउलट एरिक आणि त्याचा बेर्सेर्क (लढाईत बेभान होणारा योद्धा) सोबती स्काल्लाग्रिम यांची मैत्री, मोस्फेल्ल डोंगरावरचा त्यांचा अखेरचा मुक्काम आणि तिथला वारा, खडक, प्रकाश यांची वर्णने वाचताना हा लेखक त्या भूमीवर स्वतः उभा राहिला होता, हे पानोपानी जाणवते. ही प्रकरणे सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचावीत.

भाषेचा अडसर थोड्या सरावाने दूर होतो. ‘दाउ’, ‘दी’ ही ‘तू’, ‘तुला’ अशा अर्थाची जुनी इंग्रजी सर्वनामे आणि जुनी क्रियारूपे पाहून बिचकू नये; बखर वाचताना जसा पहिल्या दहा पानांनंतर कान तयार होतो, तसाच इथेही होतो. मात्र सागांची मूळ भाषा तिच्या काळच्या श्रोत्यांना जुनाट वाटणारी नव्हती. भाषेवरचा तो गंज एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांनी आणि कादंबरीकारांनी चढवला.

आणखी एका बाबतीत सावध राहावे. सॅम्युएल लेंग यांनी 1844 मध्ये नॉर्वेच्या राजांच्या सागांचे भाषांतर केले आणि ब्रिटिशांचे स्वातंत्र्यप्रेम नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, पूर्वजांकडून आले, असे प्रस्तावनेत मांडले. रॉबर्ट मायकेल बॅलंटाइन यांच्या 1869 च्या ‘अर्लिंग द बोल्ड’ या कुमारांसाठीच्या कादंबरीत हीच कल्पना बाळगोपाळांपर्यंत पोहोचली; तुमच्या अंगातही नॉर्स रक्त असेल, असे लेखक वाचकाला सांगतो. साम्राज्य वाढत असताना अशा वंशाभिमानाला कोणता अर्थ येत होता, हे विसरून ही पुस्तके वाचता येत नाहीत. जिथे लेखक कथा थांबवून रक्ताविषयी आणि वंशाविषयी बोलू लागतो, तिथे वेगळ्या रंगाची खूण करावी.

चित्रांवरही विसंबू नये. शिंगांचे शिरस्त्राण व्हायकिंगांचे नव्हते. 1876 मध्ये जर्मनीतील बायरॉइट येथे झालेल्या वाग्नर यांच्या संगीतनाट्याच्या वेशभूषेमुळे ते लोकांच्या मनात पक्के बसले. जहाजांची वर्णने मात्र 1880 नंतर पुष्कळ सुधारली असावीत, कारण त्या वर्षी नॉर्वेत गोकस्टाड येथे एक अख्खे जहाज दफनाच्या टेकाडातून बाहेर निघाले.

पहिली जोडी पचनी पडली की विल्यम मॉरिस आणि एरिकुर मॅग्नुसन यांनी 1869 मध्ये भाषांतरित केलेली ग्रेटिरची सागा घ्यावी. ड्रांगे बेटावर तग धरून राहिलेला तो बहिष्कृत वीर पाहिला की मोस्फेल्लवरचा एरिक कोणाच्या पावलावर पाऊल टाकतो आहे, याचा अंदाज येतो. त्यानंतर डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड यांची 1895 ची ‘थॉर्स्टाइन ऑफ द मियर’ वाचावी. ती आइसलँडला जात नाही. वायव्य इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात वसलेल्या नॉर्स कुटुंबांची ती कथा आहे, आणि तिथल्या डोंगरांच्या व ओढ्यांच्या नावांत ती भाषा आजही टिकून आहे. मॉरिस यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या सर्वांत शेवटी ठेवाव्यात, कारण त्यांची भाषा सर्वांत कठीण आहे.

कादंबरी मिटल्यावर सागेतील एक पान पुन्हा काढावे. तीन वर्षांच्या हद्दपारीसाठी निघालेल्या गुन्नारचा घोडा ठेचकाळतो, तो खाली उडी घेतो आणि मागे वळून आपल्या उताराकडे, फिकट पिवळ्या शेतांकडे आणि नुकत्याच कापलेल्या गवताकडे पाहतो. ही जागा इतकी सुंदर मला आजवर वाटली नव्हती, तो म्हणतो, आणि घरी परततो. याच जागी हॅगार्ड यांनी काय काय लिहिले असते, ते आता तुम्हाला सांगता येईल. सागेने मात्र ते का लिहिले नाही, हे तेवढेच सावकाश वाचून पाहावे.