गणपतीला गावी निघालात आणि बाळ आजारी : आधी पाणी, मग दुखणं, शेवटी जेवण

गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाडीचं तिकीट मिळवायला काय काय करावं लागतं, ते मुंबईकराला सांगायला नको. म्हणूनच निघायच्या आदल्या रात्री बाळाचं अंग गरम लागलं की घरात कुणीतरी लगेच म्हणतं, "दात येताहेत ना, त्याचाच ताप असणार." सगळ्यांना हायसं वाटतं आणि बॅगा भरणं पुढे सुरू होतं.

दातांवर सगळं ढकलून देण्याची ही सवय आधी सोडायला हवी. दात येताना लाळ गळते, हिरड्या लाल होऊन सुजतात, मूल किरकिर करतं, रात्री उठतं, जेवण नको म्हणतं. अंग किंचित कोमटही लागतं. पण १००.४ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप, पातळ जुलाब, उलट्या हे दातांचं काम नव्हे. पहिल्या दाढा साधारण तेराव्या ते एकोणिसाव्या महिन्यात येतात, त्यापाठोपाठ सुळे. याच वयात मूल चालायला लागलेलं असतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालत असतं. त्यामुळे दात आणि जंतुसंसर्ग एकाच वेळी येऊन ठेपतात, आणि दोष मात्र दातांच्या माथी जातो.

निघायचं का, हे आधी ठरवा

थर्मामीटर लावा, हाताने अंदाज नको. नुसती सर्दी, बारीक ताप, पण मूल पाणी पितंय, खेळतंय, लघवी नेहमीसारखी होतेय, तर काळजी घेऊन निघता येतं. ताप चढलेला आहे, उलट्या थांबत नाहीत, मूल गळून पडलंय किंवा धाप लागतेय, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घर सोडू नका. अशा वेळी एकाने बाळाजवळ राहावं आणि बाकीच्यांनी पुढे जाऊन गणपती बसवावा. घरातल्या मोठ्यांना हे ठामपणे सांगावं लागलं तर सांगा.

औषधाचा डोस वजनावर, तोही मिलीमध्ये लिहून

तापासाठी आणि हिरड्यांच्या दुखण्यासाठी लहान मुलांना पॅरासिटामॉल चालतं. मात्रा वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

खरी गफलत बाटलीवर होते. एकाच औषधाचं सिरप ५ मिलीला १२० मिलिग्रॅमचं मिळतं, २५० मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि तान्ह्या बाळांचे थेंब तर एका मिलीला १०० मिलिग्रॅमचे असतात. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर पहिल्या सिरपचे सुमारे ६ मिली, दुसऱ्याचे ३ मिली आणि थेंबांचा जेमतेम दीड मिली लागतो. घरची बाटली विसरली, वाटेत चिपळूणला दुसरी घेतली आणि जुन्याच मापाने दिली, की डोस दुप्पट होतो किंवा त्याहूनही जास्त. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून बाळाच्या आजच्या वजनाप्रमाणे डोस लिहून घ्या, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि औषध मापाच्या पिचकारीनेच द्या. दर डोसची वेळही लिहून ठेवा. गाडीत आईने दिलेला डोस आजीला माहीत नसतो.

पावसाळ्यात कोकणात डेंग्यूही असतो. त्यामुळे पॅरासिटामॉलखेरीज तापाचं दुसरं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. ॲस्पिरिन तर मुळीच नको. दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरपही नको. नाक बंद असेल तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब पुरतात. दूध पिण्यापूर्वी ते घातले की मूल पिताना अडत नाही.

आधी पाणी

आजारी मूल एक-दोन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही तरी निभावतं, पाण्यावाचून निभावत नाही. म्हणून प्रवासभर "किती घास खाल्ले" हे मोजण्यापेक्षा लंगोट किती वेळा ओला झाला हे मोजा. सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही, ओठ-जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे आत गेलेले दिसताहेत, तर अंगातलं पाणी कमी होतंय.

अंगावर पिणारं मूल असेल तर मागेल तेव्हा पाजा. एसटीने जात असाल तर मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, उतरल्यावर विचारून घ्या. बाटलीने पिणारं मूल हिरडी दुखत असताना दोन घोट घेऊन बाटली भिरकावतं, कारण चोखताना रक्त हिरड्यांकडे येऊन ठणका वाढतो. अशा वेळी वाटी-चमचा किंवा छोटा उघडा पेला काढा. प्रवासात बाटली आणि बूच नीट उकळून धुणंही जमत नाही, म्हणून तशीही वाटीच बरी.

उलटी-जुलाब असतील तर जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस. दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं लिहिलंय का ते वाचा. फळांच्या चवीची तयार गोड पेयं त्याऐवजी चालत नाहीत, जास्त साखरेने जुलाब वाढतात. एक लिटरचं आणि २०० मिलीचं अशी दोन्ही पाकिटं मिळतात. प्रवासाला २०० मिलीची घ्या, कारण अख्खं पाकीट एकाच वेळी मापाच्या पाण्यात विरघळवायचं असतं. मोठ्या पाकिटातली चिमूटभर पूड पेल्यात टाकण्याचा उद्योग करू नका. मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि ते धोक्याचं आहे. केलेलं पाणी २४ तासांनंतर फेकून द्या.

पाजायची रीत अशी. बाळाला मांडीवर जरा उभं धरा. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, ओठांशी न्या, गिळू द्या, दीड-दोन मिनिटं थांबा, मग पुढचा चमचा. कंटाळवाणं आहे, पण तासाभरात असे सुमारे १५० मिली पोटात जातात आणि टिकतात. तहानलेलं मूल पेला ओढतं, घटाघटा पितं, आणि सगळं बाहेर येतं. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली द्यायचं असतं. जुलाबांसाठी डॉक्टर झिंकही देतात. जुलाब थांबले तरी तो कोर्स १४ दिवसांचा असतो, परतीच्या बॅगेत विसरू नका.

मग हिरड्या

हात स्वच्छ धुऊन बोटाने हिरडी हलकेच चोळणं हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चांगला उपाय. मूल बोट चावेल, चावू द्या. धुतलेला मऊ सुती रुमाल उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, पिळून, डब्यात घालून बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवा. लागेल तेव्हा त्याचं टोक चघळायला द्या. गोठवलेलं कडक काही देऊ नका, त्याने हिरडीला इजा होते. गाजराचा किंवा काकडीचा तुकडाही चालत्या गाडीत नको, दात अर्धवट आलेल्या मुलाच्या हातून त्याचा लचका मोडून घशात अडकू शकतो. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत, त्याने रक्तातला ऑक्सिजन कमी होण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका असतो. दातांसाठी गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही नकोत.

दुखणं जास्त असेल तर जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी पॅरासिटामॉलचा ठरलेला डोस द्या. ठणका उतरला की तेच मूल चार घास आपणहून खातं.

शेवटी जेवण

आजारात पथ्य म्हणून नवं काही शिकायची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे: मऊ भात-मेतकूट-तूप, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, कोकणात पोचल्यावर पेज. हिरड्या दुखत असताना गार किंवा जेमतेम कोमट पदार्थ गरमागरमपेक्षा चांगले जातात. आंबट आणि खारट झोंबतं, म्हणून संत्रं-मोसंबी आणि आमसुलाचं सार सध्या नको.

खिचडी थर्मासमध्ये न्यायची तर आधी त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, आणि मग वाफाळती खिचडी काठोकाठ भरा. साध्या डब्यातलं शिजवलेलं अन्न दोन तासांपलीकडे बाळाला देऊ नका, उकाड्यात तेवढंही नाही. वाटीत काढून उष्टं झालेलं परत डब्यात जाता कामा नये.

आणि गाडी रखडली तर? यासाठी पोह्यांची पूड करून न्या. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजायचे, थोडं जिरं भाजायचं, दोन्ही बारीक दळून चाळून कोरड्या डबीत भरायचं. वेळ आली की दोन-तीन चमचे पूड वाटीत घेऊन थर्मासमधलं उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, तूप घालून भरवायचं. साळीच्या लाह्यांच्या पिठाचंही असंच जमतं. नाचणीचं सत्त्व मात्र नुसतं गरम पाण्यात कालवून देऊ नका, ते चुलीवर शिजवायलाच लागतं. रेल्वेच्या प्रत्येक गाडीला पॅन्ट्री असेलच असं नाही, त्यामुळे उकळत्या पाण्याचा थर्मास आपला आपण घ्या.

जबरदस्ती करू नका. नाक दाबून, मोबाइल दाखवून, हात धरून भरवलेला घास उलटीत बाहेर येतो आणि पुढचे दोन दिवस मूल चमचा बघूनच तोंड फिरवतं. दर दोन तासांनी चार चमचे पुढे करा, नको म्हटलं की वाटी बाजूला.

ताम्हिणी, आंबा, फोंडा किंवा आंबोली, घाट कुठलाही असो, तो लागण्यापूर्वी तासभर तरी पोटभर काही नको. चालत्या गाडीत वळणांवर भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. गाडी थांबवा, बाळाला सरळ बसवा, मग भरवा. तापलेल्या बाळाला टोपरं-स्वेटर-शालीत गुंडाळू नका, एक पातळ सुती झबलं पुरे.

इथे थांबा, दवाखाना गाठा

मूल पाणीसुद्धा पीत नाही, प्रत्येक घोट उलटून टाकतं, शीमध्ये रक्त आहे, जागं केलं तरी डोळे मिटतं, ताप तीन दिवसांवर गेला, अंगावर दाबूनही फिके न पडणारे लाल-जांभळे ठिपके आले, तर पुढचा प्रवास रद्द. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. एक वर्षावरच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त भरला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. महाराष्ट्रात कुठूनही १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. धावत्या रेल्वेत असाल तर १३९ वर सांगा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टरची सोय होऊ शकते.

तापात झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांवर गेला तर तातडीने १०८. आणि थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

गावी पोचल्यावर

आत्या, मामी, काकू सगळ्या बाळाला घ्यायला धावतील. हात धुऊन घ्या म्हणताना संकोच करू नका. "झोप लागत नाही ना, गुटीत जायफळ जरा जास्त उगाळ" असं कुणी मायेने सुचवेल, त्यांना नको म्हणा. जायफळ जास्त झालं तर विषासारखं बाधतं, आणि गुंगीत गेलेलं आजारी मूल पाणी मागत नाही. पिण्याचं पाणी विहिरीचं असो की नळाचं, बाळासाठी उकळूनच.

ताप उतरला की भूक परत येते, कधी एकदम राक्षसासारखी. तेव्हा हात आखडता घेऊ नका. पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, म्हणजे उतरलेलं वजन भरून निघतं. मोदकाचं सारण चाटवायला हरकत नाही, नारळाचा चोथा मात्र घशात अडकणार नाही इतका बारीक हवा.