आजींच्या बागेसाठी माळी शोधताना

आधी जवळच्या नर्सरीत विचारा. सोसायटीच्या वॉचमनलाही चांगले माळी ठाऊक असतात. महिन्याचे पैसे ठरवण्याआधी एक दिवस रोजंदारीवर काम करून घ्या आणि नीट बघा. जाणता माळी पाइप हातात घेण्याआधी कुंडीतल्या मातीत बोट खुपसून ओल बघतो, जास्वंदीची पानं उलटून पिठ्या ढेकूण शोधतो. मोगऱ्याची कडक छाटणी हिवाळ्यात करतात. भर बहरात कात्री चालवायला निघाला, तर त्याला लांबूनच नमस्कार! खत-औषधांची बिलं मागा, फवारणी शक्यतो निंबोळी तेलाची. यायचा वार आणि वेळ पक्की करा, आजींना ताटकळायला नको. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, हे मात्र त्याच सांगतील. तुम्ही फोनवरून नाही.