नवरीची साडी घेताना: पैठणी, नऊवारी आणि नाशिककरांची खरेदी

साडीच्या दुकानात पाय ठेवण्याआधी गुरुजींना आणि घरातल्या जाणत्या बाईला विचारून घ्या की कोणत्या विधीला कोणती साडी लागते आणि ती कुणी द्यायची. आपल्याकडे साधारणपणे हळदीला एक, गौरीहराला आणि अंतरपाटापर्यंत मामाकडची पिवळी (काही घरांत अष्टपुत्री), होम-सप्तपदीला किंवा त्यानंतर सासरकडचा शालू किंवा पैठणी, आणि संध्याकाळी स्वागत समारंभाची, अशा चार साड्या होतात. घरागणिक यात फरक असतो. पिवळी मामाकडून येणार हे ठाऊक नसलं की मुलीची आई तीच आधी घेऊन मोकळी होते आणि घरात दोन पिवळ्या पडून राहतात.

यादी झाली की पैसे कुठे घालायचे ते ठरवा. आमचं मत स्पष्ट आहे: एकच साडी भारी घ्या, बाकी साध्या. हळदीची साडी सुतीच हवी. रेशमावर पडलेली हळद जात नाही आणि ती घासली तर धागा फुलतो.

भारी साडी म्हणजे बहुतेक घरांत पैठणीच, आणि नाशिककरांना ती माहेरच्या अंगणातच मिळते. निफाड-विंचूरमार्गे येवला सुमारे ८०-८५ किलोमीटर आहे. सकाळी निघालात तर माग बघून, खरेदी करून रात्री जेवायला घरी. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण 'येवला पैठणी' असं दुकानावर लिहिलेलं असणं आणि साडी हातमागावर विणलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेमी पैठणी (यंत्रमागावरची, बऱ्याचदा कृत्रिम किंवा मिश्र धाग्याची) येवल्यातही विकली जाते. सेमी घेण्यात गैर काही नाही, ती सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात घ्यावी एवढंच. हातमागाची, शुद्ध रेशमाची म्हणून कुणी चार-पाच हजारांत देत असेल तर हात आखडता घ्या.

ओळख पदराच्या पाठीमागून पटते. हातमागाच्या पदरावर मोर, मुनिया (पोपट) किंवा असावली (फुलवेल) विणताना प्रत्येक रंगाचा धागा छोट्या तिल्लीवरून (धागा गुंडाळलेल्या काडीवरून) हाताने त्याच्या जागेपुरताच फिरवतात आणि शेजारच्या रंगात गुंतवून परत वळवतात. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. पदर उलटा करून मोराच्या गळ्यावर बोट फिरवा. मागे सुटे धागे आडवे लोंबत असतील किंवा कापलेल्या धाग्यांची झालर लागत असेल तर ती जॅकार्डवरची यंत्राची वीण. दोन मोर शेजारी धरून बघा: हाताच्या कामात चोचीचा बाक किंवा पिसाऱ्याची एखादी ओळ थोडी इकडेतिकडे असते, यंत्राचे मोर हुबेहूब जुळे असतात. एक गोंधळ मात्र टाळा. ब्रोकेड (अंगभर नक्षी विणलेल्या) पैठणीच्या अंगातल्या बुट्ट्यांना मागून धागे असतात, तेव्हा निकाल पदरावरून लावा.

रेशमासाठी सिल्क मार्कचं होलोग्राम असलेलं लेबल बघा. पण ते फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतं, हातमागाबद्दल किंवा जरीबद्दल काही नाही. जरी कोणती ते तोंडी न विचारता बिलावर लिहून घ्या. अस्सल जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो, टेस्टेड जरीत तांब्याची तार असते आणि ती काही वर्षांनी काळी पडू शकते. आज बाजारातल्या बहुतेक पैठण्या टेस्टेड जरीच्याच असतात आणि त्यात फसवणूक नाही. अस्सल म्हणून टेस्टेड विकली तर ती फसवणूक.

रंग दुकानातल्या दिव्याखाली पसंत करू नका. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव येते. तीच साडी दारात उन्हात वांगी दिसते आणि आत पिवळ्या दिव्याखाली तपकिरी. लग्न सकाळच्या मुहूर्ताचं असेल तर उन्हात बघा, गोरज मुहूर्ताचं आणि गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्सवर असेल तर दिव्याखालीही बघा. मोबाईलवर दोन्हीकडे फोटो काढा. मराठी वधूचा हिरवा चुडा कोणत्याही साडीबरोबर येणारच, म्हणून बांगड्यांचा एक डझन बरोबर न्या आणि साडीवर ठेवून बघा. पोपटी साडीवर चुडा हरवून जातो.

काठ निवडताना उंची लक्षात घ्या. पाच फुटांच्या आतल्या मुलीला रुंद काठ बुटकं करतो. तिला अरुंद नारळी काठ शोभतो आणि निऱ्याही नीट बसतात. भरजरी पदर जड असतो, खांद्यावरून ओघळतो आणि बसताना ताठ उभा राहतो. खरेदीच्या वेळी नुसता अंगावर टाकून आरशात बघू नका. नेसून खाली पाटावर बसा, वाका, पाया पडा.

नऊवारीचा प्रश्न वेगळा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. मीटर लावून मोजा, कारण अर्धा मीटर कमी पडला की ओचा नाहीतर कासोटा, एकाशी तडजोड होते. पैठणी नऊवारी बहुतेक वेळा सांगून विणून घ्यावी लागते, तेव्हा निदान तीन-चार महिने हातात हवेत. भरगच्च पदराला त्याहून जास्त. नेसवणारी बाई चांगली असेल तर न शिवलेलीच घ्या, ती पुढे मुलीला, सुनेला उपयोगी पडते. शिवलेली नऊवारी घालायला पाच मिनिटं लागतात, पण एकदा कापली की परत साडी होत नाही. शिवून घेणार असाल तर कंबर, सीट, मांडीचा घेर आणि कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची चपलेसह द्या, आणि ट्रायलला जमिनीवर मांडी घालून बसा. शिवण सुटते ती दोन पायांच्या मधल्या जोडावर, आणि सुटते ती होमाला बसतानाच. तिथे सैलपणा ठेवून दुहेरी टीप मारायला सांगा.

होमाचं आणखी एक: लाजाहोमात नवरी अग्नीच्या अगदी जवळ असते. पॉलिस्टरची सेमी पैठणी किंवा नेटचा शेला ठिणगीने वितळून अंगाला चिकटतो. या विधीला रेशीम किंवा सूतच असू द्या आणि शेल्याची टोकं कुणीतरी धरून ठेवा.

ब्लाऊज साडीबरोबरच्या कापडाचा शिवायचा तर ते साधारण ८० सेंटिमीटर असतं. कोपरापर्यंत बाही आणि तिला काठ हवा असेल तर कापायच्या आधी शिंपिणीला विचारा. आरीकाम असेल तर ते महिनाभर आधी द्या. आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड सोडायला सांगा, कारण लग्नाच्या धावपळीत वजन खालीवर होतंच. काखेत पॅड हवेतच. अंगावरची हळद घामाबरोबर अस्तरावर उतरते.

फॉल लावण्याआधी तो पाण्यात भिजवून वाळवा. कोरा सुती फॉल पहिल्या धुण्यात आटतो आणि काठाला चुण्या पडतात.

दागिन्यांत नथ, ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, लक्ष्मीहार सगळं एकदम घालायचा मोह होतो. सराफ बाजारात जाताना ब्लाऊजचा गळा ठरलेला असावा. खोल गळ्यावर ठुशी आणि मोहनमाळ, बंद गळ्यावर तन्मणी. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ आदल्या दिवशी तासभर घालून बघा. फार घट्ट असली की डोळ्यांतून पाणी येतं आणि काजळ पसरतं.

लग्नाच्या दिवशी जरीतून सेफ्टी पिन थेट टोचू नका, धागा तुटतो. पिनेला आधी मणी ओवा किंवा मध्ये कापडाचा तुकडा ठेवा. अक्षता कुंकवात रंगवून ओल्याच वाटू नका, रेशमावर लाल ठिपके पडतात. रंगवून पूर्ण वाळवून मगच वाटा. अत्तर आणि स्प्रे साडी नेसण्याआधी, कारण जरीला ते लागलं की ती काळवंडते.

घरी आल्यावर साडी रात्रभर पंख्याखाली दांडीवर मोकळी ठेवा. ड्रायक्लीनला देताना डाग कशाचा आहे ते कागदावर लिहून द्या, तूप, हळद आणि कुंकू यांना वेगवेगळा उपाय लागतो. मग मऊ मलमलच्या कापडात गुंडाळा, डांबरगोळी साडीला लागू देऊ नका आणि दर तीन-चार महिन्यांनी घड्या बदला.