अर्गवर दम कसा वाढवायचा

कॉलेजात पहिल्यांदा अर्गोमीटरवर (म्हणजे अर्ग, जिममधलं वल्हवायचं यंत्र) 2000 मीटरची टेस्ट दिली, तेव्हा पहिले 500 मीटर मी 1:48 मध्ये मारले. शेवटचे 500 कसेबसे 2:15 मध्ये, डोळ्यांपुढे काजवे. एकूण 8:22. अंगात जोर होता, दम नव्हता.

ही शर्यत सहा ते आठ मिनिटांची. त्यातली साधारण तीन-चतुर्थांश ताकद ऑक्सिजनच्या जोरावर येते. सुरुवातीचा धडाका उधारीचा असतो, आणि वसुली दुसऱ्याच मिनिटाला सुरू होते. आपला रोइंगपटू दत्तू भोकनळनं 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला हेच अंतर पाण्यावर, एकट्यानं 6:54 मध्ये कापलं. म्हणजे दर 500 मीटरला 1:44 च्याही आत. मी नुसती सुरुवात केली ती याहून हळूच होती!

दम वाढतो सावकाश वल्हवून. डॅम्पर, म्हणजे चाकात किती हवा शिरते ते ठरवणारी कळ, 3 ते 5 वर ठेवा. जिममधली पोरं तो 10 वर नेतात. त्यानं फक्त कंबर धरते. मिनिटाला 18 ते 20 स्ट्रोक. पाय ढकलायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ सीट पुढे आणायला घ्या. वीस मिनिटं, दोन घोट पाणी, पुन्हा वीस मिनिटं. वेग टेस्टच्या सरासरीपेक्षा दर 500 मीटरला 20-25 सेकंदांनी कमी. माझी सरासरी 2:05 होती, म्हणून मी 2:28 च्या आसपास राहायचे.

मधेच तेवीसचा पाढा मोठ्यानं म्हणून बघा. तेवीस चोक ब्याण्णवला धाप लागली तर वेग जास्त आहे. (पाढाच येत नसेल तर तो दोष अर्गचा नाही.) छातीला ठोके मोजणारा पट्टा असेल तर दुसऱ्या वीस मिनिटांत ठोक्यांकडे लक्ष ठेवा. वेग तोच असून ठोके बरेच चढले, तर पुढच्या वेळी दोन-तीन सेकंद सोडून द्या. एप्रिल-मेमध्ये मात्र उकाड्यानंही ठोके चढतात, तेव्हा पंखा समोर घ्या.

सगळ्यात अवघड काय, तर शेजारचा जोरात मारत असताना 2:28 वरच राहणं. मला ते जमायला महिना लागला.

आठवड्यातून तीन दिवस असं करा. सहा आठवड्यांनी त्यातल्या एका दिवशी चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. त्याहून जास्त नको.

चार महिन्यांनी मी पुन्हा टेस्ट दिली. 7:57. पहिले 500 मीटर 2:01.