कॅम्पसवर गाडीऐवजी सायकल किंवा बसने येण्याचा प्रचार का फसतो? या चुका टाळा

‘आपल्याकडे बहुतेक जण अजूनही एकट्यासाठी गाडी काढतात. हे थांबवूया!’ असं पोस्टर लावलंत, तर नकळत गाडीचीच जाहिरात केलीत. वाचणारा ‘थांबवूया’ विसरतो, ‘बहुतेक जण’ तेवढं लक्षात ठेवतो. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डीनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं. ‘आजवर अनेकांनी इथलं अश्मीभूत (दगड झालेलं) लाकूड नेलं’ असं सांगणाऱ्या पाटीपाशी, ‘लाकूड नेऊ नका’ अशा साध्या पाटीपेक्षा जास्त लाकूड चोरीला गेलं. सायकलवाले थोडे असले तरी वाढत असतील, तर ती वाढ सांगा. वाढत नसतील तर किती जण काय करतात हा विषयच काढू नका.

दुसरी चूक वेळेची, आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. सत्र निम्मं सरल्यावर ‘हरित प्रवास सप्ताह’ म्हणजे वरातीमागून घोडं. कोण कशाने येणार हे तोवर अंगवळणी पडलेलं असतं. मानसशास्त्रज्ञ बास फरप्लांकन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात विद्यापीठातले जे कर्मचारी नुकतंच घर बदलून आले होते आणि ज्यांना पर्यावरणाची काळजी होती, ते इतरांपेक्षा कमी वेळा गाडीने येत. नुसती काळजी पुरली नाही. सवय मोडण्याचा क्षणही लागला. म्हणून बसची माहिती प्रवेशाच्या किंवा नेमणुकीच्या पत्रासोबतच जाऊ द्या.

माहिती म्हणजे ‘पृथ्वी वाचवा’ नव्हे. कोणती बस कोणत्या फाटकाशी थांबते, ग्रंथालय बंद झाल्यावर शेवटची किती वाजता, पावसात भिजलेले कपडे कुठे बदलायचे, सायकल कुठे बांधायची... प्रश्न हे असतात.

आणि एका हाताने गाडी सोडायची विनंती करून दुसऱ्या हाताने पार्किंगचा वार्षिक पास विकू नका. पैसे एकदा भरले की पुढची प्रत्येक फेरी फुकटच वाटते. रोजच्या रोज शुल्क घेतलं, तर निदान रोज विचार तरी होतो.

इतकं करूनही प्रतिसाद नसेल, तर पोस्टरचा मजकूर बदलत बसण्याआधी प्रचार करणाऱ्यांनीच आठवडाभर त्या बसने यावं. बसच वेळेवर येत नसेल, तर पत्र विद्यार्थ्यांना नको, वाहतूक विभागाला लिहा.